आईची गाणी परत आणणारी बाई

माझा जुना लॅपटॉप सुरूच होईना. आई गेल्यावर तिची पोवारी लग्नगीतं तेवढी त्यातच उरली होती. गोंदिया स्टेशनजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात पन्नाशीच्या एका बाईंनी पेन ड्राइव्ह लावून त्यावर लिनक्स चालवलं.

“सिस्टीम बिघडली हाये. फायली शाबूत हायेत,” त्या म्हणाल्या.

“मग विंडोज चांगली की लिनक्स?”

“विंडोज साऱ्यांले येते, पण जुन्या मशीनले जड जाते. लिनक्स हलकं हाये, पण शिका लागते. मशीन पाहूनच ठरवा लागते.”

त्यांनी एक फाईल उघडली. आईचा आवाज दुकानभर झाला. बाईंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि गाणं संपेपर्यंत कशालाच हात लावला नाही. ज्या हातांनी तो आवाज परत आणला, त्यांच्याकडे मी बघतच राहिलो.