शर्यत लावून मोजलेला वेग

"मॅडम, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर तुम्ही गेम खेळत होतात की नाही?" प्राचार्यांनी विचारलं.

"होते. मशिनचा वेग मोजत होते."

प्राचार्य हसले. मीही हसलो, हे कबूल करतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पाटील मॅडम शिरपूरच्या त्या कॉलेजात हंगामी लॅब इन्चार्ज होत्या. त्यांना कामावरून कमी करण्याचं पत्र टेबलावर टाईप होऊन पडलं होतं. संस्थेचे अध्यक्ष, आबा, यांची सही तेवढी बाकी. मी जळगावहून आलेला इंजिनियर. तिथली दहाही मशिन मीच जोडली होती. चार मशिन स्लो आहेत, ही मॅडमची तक्रार. 'गेम भरले की स्लो होणारच,' असं आमच्या साहेबांनी फोनवर ठोकून दिलं होतं. मला फक्त मान डोलवायची होती.

"सगळ्या मशिनवर सहासष्टचा आकडा आहे," मी ठसक्यात म्हणालो. तेव्हा कॅबिनेटवरच स्पीडचा लाल आकडा दिसायचा.

"मग लॅबमध्ये चला," मॅडम म्हणाल्या. सही करायला आलेले आबाही पत्र हातात घेऊन मागोमाग आले आणि खुर्ची ओढून बसले.

मोटारींच्या शर्यतीचा जुना गेम होता. अशा गेममध्ये प्रोसेसर जितका फास्ट, तितकी गाडी सुसाट. मॅडमनी शेजारच्या दोन मशिनवर एकदम गाड्या सोडल्या. एकीची फेरी संपली तेव्हा दुसरी अर्ध्यातच होती. आकडा दोन्हीकडे सहासष्ट.

तो आकडा मशिन मोजत नाही, आम्हीच आतल्या पिना लावून तो बसवतो. कॅबिनेट उघडलं. वेग कमी-जास्त करणाऱ्या टर्बो बटणाची वायर उलटी लागलेली. आकडा चढला की वेग उतरायचा. चारही मशिनमध्ये तेच. शेवटची चार मी घाईत जोडली होती.

दोष व्होल्टेजवर ढकलावा, असं मनात येऊन गेलं. कोणाला कळलंही नसतं.

आबा खुर्चीतून वाकून बघत होते. "मंग चूक कोनी शे?"

"माझी, आबा. मॅडमचं बरोबर आहे."

आबांनी पत्र तिथेच फाडलं. मी वायरी फिरवल्या, मॅडमची माफी मागितली.

"मी चार वेळा लिहून दिलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोललात तेव्हा ते खरं झालं."

मला फार लाज वाटली. साहेब आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, त्याचं काही वाटलं नाही.

आता तक्रार आली की मी तक्रार करणाऱ्यालाच मशिन चालवायला सांगतो आणि गप्प बसून बघतो. निम्मे दोष तिथेच सापडतात. त्यातले बरेचसे आमचेच असतात.