सासऱ्यांच्या तोंडात च्युइंगम

सासऱ्यांच्या आतड्याला पीळ पडला, आणि अर्धापूरहून त्यांना तडक नांदेडला आणून ऑपरेशन करावं लागलं. पहिल्या एसटीनं मी लातूरहून पोचले. बघते तर केळीच्या बागेत दिवसभर राबणारा हा दांडगा माणूस खाटेवर पडून च्युइंगम चघळत होता. डॉक्टरांनीच दिलं म्हणे. मला इतका आनंद झाला की नवरा माझ्याकडे बघतच राहिला.

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. पोटाच्या ऑपरेशननंतर आतडं सुस्तावतं. नुसतं चघळलं तरी पोटाला वाटतं जेवण आलं. मग जठर गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतं, वर्दी खालपर्यंत जाते आणि आतडं हलायला लागतं. फळ्यावर याचे बाण काढून माझा हात दुखायचा, आणि इथं ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत चालू होतं!

पण वारा सरत नव्हता. संध्याकाळपर्यंत सरला नाही तर पोट पुन्हा उघडावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तोवर पाण्याचा घोटही बंद. नवरा येता-जाता विचारायचा, मामा, म्हणजे माझे सासरे, मानेनंच नाही म्हणायचे. दुपार कलली तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

आमच्या घरात सून-सासरे थेट बोलत नाहीत. चहा हवा असला तरी निरोप सासूबाईंमार्फत येतो. पण मला राहवेना. स्टूल ओढून मी बसले आणि वर्गात सांगते तसं सगळं सांगून टाकलं. जठर, रक्त, आतडं, काही सोडलं नाही. शेवटी म्हणाले, "मामा, वारा सरणं म्हणजे आतड्यानं हजेरी लावणं. त्यात लाजायचं काय?"

मामांचं चघळणं थांबलं. खिडकीकडे बघत ते म्हणाले,

"सकाळीच झालंय, पोरी. दोन डाव. तू हितं बसलेली, कसं सांगावं?"

मी उठले ती धावतच सुटले. डॉक्टरांना गाठलं आणि भर व्हरांड्यात, चार माणसांदेखत, आमच्या मामांचा वारा सरला म्हणून मोठ्यानं सांगितलं. डॉक्टरांनी येऊन पोटाला स्टेथोस्कोप लावला, ऐकलं, आणि चमच्यानं पाणी द्यायला सांगितलं.

पहिला चमचा मीच दिला. तो गिळून मामा म्हणाले, "लई चांगलं सांगतीस की. मग घरात इतकी वर्षं गप का?"

"तुम्ही कधी विचारलंच न्हाई, मामा," मी म्हणाले आणि दुसरा चमचा भरला.