कोरडा राहिलेला हात

नव्या जीन्सच्या कापडाला नीळ आणि खळ यांचा मिळून एक उग्र, किंचित आंबट वास असतो. रविवारी सकाळी उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, वरच्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत आम्ही उपासनेला बसलो, की खालच्या शिवणकारखान्यातून तो वास जिन्याने हळूहळू वर येई आणि सतरंजीवर आमच्यातच कुठेतरी बसकण मारी. इतरांना देवाचं नाव घेतलं की धूप-कापूर आठवत असेल. मला आजही जीन्स आठवते, आणि तिच्यापाठोपाठ भीती.

ऐंशीच्या दशकाची अखेरची वर्षं होती ती. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो आणि रूथशी माझं नुकतंच लग्न झालं होतं. आमचं घरही ख्रिस्तीच, पण आमचा धर्म जरा ऐसपैस: तान्हेपणी कपाळावर शिंपडलेलं चार थेंब पाणी जन्मभर पुरे, नाताळात करंज्या, ईस्टरला नवा सदरा. रूथची मंडळी निराळी होती. त्यांच्या खोलीत क्रूस नव्हता, चित्र नव्हतं, पेटी-तबला नव्हता. चुन्याची पांढरी भिंत आणि तिच्यावरून सरकत जाणारा उन्हाचा एक तुकडा, एवढीच काय ती सजावट. पुरुष एकीकडे, स्त्रिया दुसरीकडे. त्यांच्या डोक्यावर पदर, कान-गळे मोकळे, आणि सभेत गाण्याखेरीज त्यांनी तोंड उघडायचं नाही असा दंडक. सिनेमा नाही, टीव्ही नाही, आणि शास्त्रात कुठे सांगितलेला नाही म्हणून नाताळसुद्धा नाही. माझी आई पहिल्याच डिसेंबरात आमच्याकडे आली आणि हबकली. मला मोरीपाशी ओढून दबक्या आवाजात म्हणाली, “दारात तारा नाही, डब्यात करंजी नाही, सुनेच्या गळ्यात काळा मणी नाही. सुधा, ही माणसं नक्की आपलीच ना रे?”

मी हसलो. मला त्या नियमांचं काहीच वाटत नव्हतं. मला धास्ती होती ती त्यांच्या एका श्रद्धेची. प्रभू परत येणार, केव्हाही येणार, कर्णा वाजणार आणि त्याची माणसं होती तिथून उचलली जाणार, उरलेली उरणार. ही गोष्ट ती मंडळी इतक्या शांतपणे सांगत, जणू पाहुणे यायचे आहेत आणि भात तेवढा टाकायचा राहिला आहे. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला ती शांतता सोसत नसे. कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला की मी आधी खाली बघे, पाय जमिनीवरच आहेत का ते. आणि ते जमिनीवरच असत, हीच तर भीती होती.

दर रविवारी स्टीलच्या ताटलीत एक अखंड भाकर येई आणि हातोहात फिरे. प्रत्येक जण एक तुकडा मोडून घेई, मग प्याला फिरे. हे फक्त पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. माझी जागा दाराशी, चपलांच्या सान्निध्यात. शेजारी बसणारे ब्रदर लछमन, पापडांचा व्यापार करणारे थोराड सिंधी गृहस्थ, ती ताटली माझ्या गुडघ्यांवरून अशा अलगद हाताने पलीकडे नेत, जसं पथ्यावरच्या माणसासमोरून लोणचं हलवावं. पलीकडच्या बाजूला रूथ आपला तुकडा घेई आणि माझ्याकडे बघायचं टाळी. त्या टाळण्यात राग नसे. राग असता तर मला भांडता तरी आलं असतं.

अडचण होती ती पाण्याची. माझ्या भीतीला काही इतिहास नाही. मी विहिरीत पडलो नाही, पुरात सापडलो नाही. पाणी तोंडावर आलं की माझा श्वास कोणीतरी आतून दार लावून घ्यावं तसा बंद होतो, बस. आंघोळीचा पहिला तांब्या अजूनही मी मानेच्या खालीच ओततो. रूथचे मामा दाविद हे मंडळीचे वडील, म्हणजे प्रमुख, पेशाने शिंपी, बोलताना सुई दातात धरायची सवय. त्यांना मी एकदा हे सगळं सांगितलं, आणि वर वकिली केली, की पाण्याने तारण होत नाही, आत्मा वाचतो तो विश्वासाने, असं तुम्हीच शिकवता, मग माझं अडलं कुठे?

“तारण पाण्यानं नाहीच होत, जावईबापू,” मामा म्हणाले. “पण सांगितलेलं ऐकावं लागतं. प्रेम काय नुसतं तोंडानं करायचं असतं?”

ब्रदर लछमनना माझी दया आली. “साईं, असं करा. माझ्या गोदामात मोठा ड्रम आहे, निळा. त्याच्यात उभं करा ह्याला, वरून झाकण दाबा, दोन सेकंदात काम खतम.”

मामांनी या सूचनेवर खरोखर विचार केला. मग सुई दातातून काढून म्हणाले, “नाही जमायचं. हे दफन आहे. जुना माणूस पुरायचा आणि नवा उठवायचा. उभ्यानं कुणी पुरतं का?”

असे किती रविवार गेले असतील कोण जाणे. एका दुपारी रूथ सुपात तांदूळ निवडत होती, खिडकीतून कुणाच्या तरी गच्चीवर वाळणाऱ्या पापडांचा हिंगमिऱ्याचा वास येत होता, आणि खडे वेचताना मान वर न करता ती म्हणाली, “तिथं सगळं असेल म्हणतात. दुःख नाही, आजार नाही. पण अहो, मला तुमच्याशिवाय तिथं करमायचं नाही.” एवढंच बोलून तिने सूप पाखडलं. मी त्याच संध्याकाळी मामांकडे गेलो आणि बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या कपड्यांचं माप दिलं.

भातकापणी होऊन गेली होती. एरवी कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या टेम्पोत बसून मंडळी बदलापूरला निघाली. अंबरनाथच्या कारखान्यांचा घशाला झोंबणारा धूर मागे पडला आणि हळूहळू कापलेल्या शेतांचा, दवाने भिजलेल्या पेंढ्याचा, कुठे शेणाच्या शेकोटीचा वास हवेत मिसळू लागला. उल्हास नदीवर धुक्याचा पातळसा पदर होता आणि सूर्य त्यातून अजून आपली वाट शोधत होता. इतकी सुंदर सकाळ मी इतक्या वाईट अवस्थेत कधी पाहिली नाही. माझ्या दाढा वाजत होत्या आणि थंडीला त्याचं निष्कारण श्रेय मिळत होतं.

घाटावर एक म्हातारी धुणं धूत होती. आमची पांढरी वस्त्रं, गंभीर चेहरे आणि संथ गाणं पाहून तिने हात थांबवले. “कोन गेला रं बाबा?”

“हे काय, हेच,” मामांनी माझ्याकडे बोट केलं. “आता पुरायचंय.”

“या बया! मानूस त चांगला जिता हाय!” म्हातारी म्हणाली आणि पुढचा प्रकार नीट दिसावा म्हणून दगडावर बसून राहिली.

शेवाळलेल्या दगडांवरून मामांचा हात धरून मी कमरेएवढ्या पाण्यात गेलो. काठावरच्या सगळ्यांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले. मामांनी एक हात माझ्या पाठीशी लावला, दुसऱ्याने रुमाल माझ्या नाकावर धरला, पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घेतलं, आणि आकाश एकदम मागे कलंडलं. मग हिरवट काळोख, कानात घोंघावणारं मौन, छातीत आपटणारं दार. क्षणभरच. मी वर आलो, खोकलो, आणि जिवंत असल्याच्या आनंदात हसूही लागलो. काठावर स्तुतिगीत सुरू झालं.

तेवढ्यात त्या गीतावरून एक आवाज आला. “मामा, हात राहिला.”

गाणं थांबलं. रूथ बोलली होती. ज्या मंडळीत बाई बोलत नाही, तिथे रूथ बोलली होती. सगळ्यांनी डोळे मिटलेले असताना तिचे मात्र उघडे होते. मी पाहिलं. माझ्या उजव्या हाताने बुडताना मामांची कॉलर पकडून ठेवली होती आणि सदऱ्याची ती बाही कोपरापर्यंत कोरडी ठणठणीत होती.

“जाने दो ना सिस्टर,” ब्रदर लछमन काकुळतीला आले. “बाकी तर पुरा माणूस भिजला. एक हात काय!”

मामांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग भाचीकडे. ती बोलली याबद्दल त्यांनी शब्द काढला नाही. “हात बाहेर ठेवून पुरत नाहीत,” ते हळूच म्हणाले. “परत, जावईबापू.”

पायाखालचे दगड निसरडे नसते तर मी पळालो असतो, हे आता सांगायला हरकत नाही. पहिल्या वेळी मला पाण्याची भीती होती. आता मला पाणी माहीत होतं. मी मान हलवून नाही म्हणालो, दोनदा म्हणालो. आणि मग पाहिलं तर रूथ डोक्यावरचा पदर सावरत, साडीसकट, त्या निसरड्या दगडांवरून खाली येत होती. तिला कोणी थांबवलं नाही. ती माझ्या उजव्या अंगाला उभी राहिली, मामांच्या कॉलरकडे निघालेला माझा हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि दुसऱ्यांदा आकाश कलंडलं तेव्हा तो हात घेऊन ती खांद्यापर्यंत पाण्यात वाकली.

पुढच्या रविवारी ताटली माझ्यापाशी थांबली. भाकर बुडाशी जरा करपलेली होती. त्या दिवशी नदीत काय पुरलं गेलं यावर पुढे मी पुष्कळ प्रवचनं ऐकली. भीती मात्र पुरली गेली नाही, ती कपडे पिळत माझ्याबरोबरच वर आली आणि अजून आमच्याकडेच असते. पण पाण्याखाली मला ना प्रकाश दिसला, ना कुणाची हाक आली. कळले ते फक्त रूथचे हात, आणि ते थरथरत होते. थंडीने नव्हे. माझी स्वतःची थरथर मी चांगली ओळखतो, रूथची थरथर ही माझ्या थरथरीचीच सख्खी बहीण होती. जिला सगळ्याची खात्री आहे असं मी समजत होतो, ती माझ्याइतकीच घाबरलेली होती. ते हात माझा हात खाली दाबत होते की मला सुटू देत नव्हते, हे मला तेव्हा उमगलं नाही. इतक्या वर्षांत तिला विचारायचं धाडसही झालेलं नाही. एखाद्या दुपारी ती तांदूळ निवडत असली की मी जवळ जाऊन बसतो, आणि विचारायच्या ऐवजी खडे वेचू लागतो.