ढब्बू पैशावरची खूण

आधीच सांगते, कुणी अंगारा-धुपाऱ्याचा विषय काढला की माझं डोकं फिरतं. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये उभी हयात गेली माझी. रिटायर झाल्यापासून उस्मानपुऱ्यात घरीच जुनी नाणी साफ करते, त्यांच्यावरचे छाप ओळखते. चिंच-लिंबू चोळून नाण्याचं वाटोळं करून आणणाऱ्यांना मी दारातच झापते, त्यासाठी प्रसिद्धच आहे मी!

मागच्या वर्षी गंगापूरकडची सोनाबाई आली. धनगर घरातली. नवरा तीन वर्षांपूर्वी मेंढरं घेऊन गेला, तो परतलाच नाही. दीर म्हणत होता, आता त्याचे दिवस घालून टाकू. ही ऐकायला तयार नाही... कपाळावर ठसठशीत कुंकू. गोदाकाठच्या गाळात तिला एक भोक पाडलेलं तांब्याचं नाणं सापडलं होतं. हिरवंगार, वरचं काही म्हणता काही दिसत नव्हतं.

"मालकांच्या करदोट्यात असाच ढब्बू पैसा हुता," ती म्हणाली. "मेंढराच्या कानाला करत्यात ती खूण त्यांनी त्याच्यावर छिन्नीनं काढली हुती. जायच्या आदल्या दिशी, माझ्याम्होरं. ती नाय निघाली म्हंजी बरं, ताई."

म्हणजे खूण निघाली, तर माणूस नदीत गेला.

मी पक्की! म्हटलं, आधी खूण काढून दाखवा. पेन नको म्हणाली. पिठाच्या ताटात बोटानं काढली — तीन उभ्या रेघा, आणि शेवटच्या रेघेतून कडेपर्यंत एक तिरकी शेपटी. "हितं छिन्नी निसटली. मी हसले, तर लई चिडले माझ्यावर." मी मोबाईलवर फोटो काढून ठेवला.

तीन आठवडे डिस्टिल्ड वॉटर, मग भिंगाखाली बांबूची काडी. एका दुपारी एक रेघ दिसली. मग दुसरी, तिसरी... आणि ती शेपटी! फोटो शेजारी धरला. तंतोतंत जुळलं.

आता नीट ऐका. हिरव्या थराखाली एक लाल थर असतो. असा जाड थर धरायला पिढ्या जातात. खूण त्यानंतर काढली असती, तर थर तिथं तुटला असता. इथं तो रेघांच्या तळापर्यंत सलग होता. म्हणजे खूण काढून किमान शंभर वर्षं झाली. मी दोनदा तपासलं, आणखी एका जाणकाराला दाखवलं. तोही हेच म्हणाला.

सोनाबाईला बोलावून घेतलं. खरं सांगते, मला आनंदच झाला होता. म्हटलं, "खूण तशीच निघाली, पण हा तुमच्या मालकांचा नाही. शंभर वर्षं मातीत होता हा."

तिनं त्या शेपटीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ.

"शंभर वर्सं व्हय? मला बी तेवढीच वाटली, ताई."

नाणं पदराच्या टोकाला बांधून ती गेली. पुढच्या महिन्यात तिनंच दिराला सांगून नवऱ्याचे दिवस घातले.

तो थर शंभर वर्षांचा आहे, यावर मी आजही ठाम आहे. आणि छिन्नी निसटल्याची ती शेपटी पाहिल्यावर, नाणं तिच्या नवऱ्याचंच आहे, यावरही. दोन्ही एकदम खरं कसं... ते मला अजून कळलेलं नाही.