दत्तूकाकांनी पास केलेली फळी

दत्तूकाका जिलबी उलटी करून बघत. नवख्याला वाटे म्हाताऱ्याला दिसत नसावं, पण काका फक्त तळ तपासत असत. जबलपुरातल्या खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी जन्मभर मालाची तपासणी केली. निवृत्तीनंतर कारखान्याने त्यांना सोडलं, त्यांनी तपासणी सोडली नाही. चेरीतालच्या आमच्या घरात लग्नं बाबांच्या संमतीने ठरत, कुकर मात्र माझ्या या धाकट्या काकांच्या संमतीने येई. म्हणजे येत नसे. खिशात निळा खडू असायचा. दोष दिसला की दुकानदाराच्या तोंडावर वस्तूवर फुली! सराफ्यातला एकजण तर आम्हाला लांबून पाहूनच शटर ओढायचा.

"घाई असेल तर केळं घे पोरी," ते म्हणत, "बाकी सगळं उलटून पाहावं लागते." या बाण्यापायी त्यांनी समुद्रही पाहिला नव्हता. पुरीला जायचं दोनदा ठरलं. एकदा गाडीची वेळ नापास झाली, एकदा हॉटेलचा फोटो.

मी नोकरीला मंगळुरात. तिथे भाड्याच्या सर्फिंगच्या फळीवर लाटांवर उभं राहायला शिकले. पण शिकाऊंची मऊ फळी मला आता पुरत नव्हती आणि पट्टीच्या लोकांची आखूड फळी मला उभं राहू देत नव्हती. मधल्यांसाठी लॉन्गबोर्डच बरा: नऊ फुटांचा, लाट लवकर पकडणारा, तोल गेला तरी सांभाळून घेणारा. दुकानातल्या किमती ऐकून मात्र वाटलं, त्यापेक्षा समुद्र विकत घ्यावा.

दिवाळीला घरी आले तर जबलपुरातच दोन सापडले. गोव्यातलं हॉटेल बंद करून परतलेल्या एका कॅफेवाल्याने ते शोभेला भिंतीवर टांगले होते आणि गिऱ्हाइकांची डोकी आपटतात म्हणून आता विकायला काढले होते. स्वस्त का नाही देणार? अख्ख्या जबलपुरात लॉन्गबोर्डला गिऱ्हाईक मी एकटी!

बाबांना समुद्राची धास्ती. कमावत्या मुलीला नाही कसं म्हणायचं, म्हणून ते अगदी साखर घोळून म्हणाले, "दत्तूने पास केली तर खुशाल घे. नाही तर हा नाद सोडायचा. कबूल?" मी शहाणी, कबूल म्हणाले. ज्या माणसाने माझी स्थळंसुद्धा कानाच्या पाळ्या पाहून नापास केली, त्याच्या हातात मी माझा समुद्र दिला.

आम्ही तिघं कॅफेत गेलो. एक फळी लालभडक, चकचकीत. दुसरी पिवळी पडलेली, टोकाला ठिगळ. माझा जीव अर्थातच लालवर. कॅफेवालाही म्हणाला, "अंकलजी, लालवाली एकदम नई जैसी है. पीली तो बस ऐसे ही टँगी है."

काकांनी दोन्ही फळ्या टेबलांवर पालथ्या घालायला लावल्या. लालवरून तळवा फिरवला, अंगठा दाबला आणि मध्यावर थांबले. "इथंच रंग काहून जाड लागून राहिला?"

"टचअप है अंकलजी."

"किस चीज का?"

बराच वेळ खोकून कॅफेवाला म्हणाला, "एक बार थोड़ी मुड़ गई थी."

म्हणजे भर लाटेत पुन्हा तिथेच मोडली असती. लालवर निळी फुली पडली. बाबांनी प्रसन्न होऊन कॉफी मागवली.

पिवळीच्या तळाला शेपटाकडे असलेला माशासारखा पर पाहून काका गरजले, "हे सुकाणू मागं काहून लावलं? समोर पाहिजे ना!" मी समजावलं. पटलं नाही. मग त्यांनी ठिगळ नखाने टोकरलं, सगळीकडे बोटं वाजवून ऐकलं, खिशातून खडू काढला.

"हिच्यावर उभी राहते तू?"

"राहीन काका."

"पिवळा तर मीही पडलो," ते म्हणाले. "ठिगळ आहे, पण लपवलं नाही. ने." आणि खडू परत खिशात गेला.

बाबांची कॉफी ओठाशीच थांबली. "दत्तू, नीट पाह्यलं ना?"

"घाई असेल तर केळं घे, दादा."

परतताना बाबा फळीसोबत टेम्पोत बसले; माझ्या स्कूटरवर मागे बसून काका म्हणाले, "जन्मभर उलटून पाहत राहिलो पोरी, घेतलं काहीच नाही. घरात कोणीतरी घेतलं पाहिजे." मला रडू आलं, हेल्मेट होतं म्हणून निभावलं. मी म्हटलं, समुद्र बघायला या. म्हणाले, "आणि नापास झाला तर? एवढ्यावर फुली कुठं मारू?"

पुढच्या थंडीत येतो म्हणाले होते. थंडीच्या आधीच गेले. असल्या बाबतीत मात्र माणसाने अशी घाई करावी!

नर्मदेच्या ग्वारीघाटावर अस्थी सोडल्यावर बाबांनी ओंजळभर पाणी उचलून पुन्हा सोडलं. मग म्हणाले, "नर्मदा तुझ्याच बाजूच्या समुद्राला मिळते ना?"

"हो, बाबा."

"मग पोचेल तो. दोन्ही काठ तपासत जाईल, वेळ लागेल."

आता पिवळी फळी घेऊन मी पाण्यात असते. कधीकधी चांगली फुगलेली लाट अगदी जवळ येऊन फुसकन विरते. बाकीचे वैतागतात. मला कळतं, फुली पडली. "घाई नाही, काका," म्हणते आणि पुढची लाट ते पास करतील म्हणून बसून राहते.