काचेवरचा अंगठा

मी संशयी बाई आहे. माझ्या मागं कुणी बोलण्याआधी मीच सांगून टाकते. गॅसची टाकी आली की वजन केल्याशिवाय मी ती घरात घेत नाही. अंगणवाडीत सेविका होते तेव्हा पोषण आहाराचं पोतं उसवून तळापर्यंत हात घालून बघायचे. आणणारा म्हणायचा, बाई, तुमचा देवावर तरी विश्वास हाय का? देवावर होता. पोत्यावर नव्हता.

आणि सगळ्यात जास्त मी काय जपलं असेल, तर माझा अंगठा. आमच्या मुळशीत अंगठ्याचं काय मोल आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही. महाळुंग्यात आज जिथं वीस-वीस मजले उभे आहेत, तिथल्या कुणाची ना कुणाची बहीण एकदा रजिस्ट्रीच्या ऑफिसात अंगठा लावून आलेली आहे. त्याला हक्कसोड म्हणतात. बापाच्या जमिनीत बहिणीचं नाव असतं आणि जमीन विकायची झाली की ते आडवं येतं. मग भाऊ गाडी घेऊन येतो, बहिणीला तालुक्याला नेतो, फोटो-अंगठा होतो, हॉटेलात जेवण होतं आणि येताना तिला साडी घेतात. दुपारी एखादी नव्या साडीची पिशवी घेऊन गाडीतून उतरली की मी आणि माझी मदतनीस अंगणवाडीच्या दारातून बघत असू. 'गेली ही पण साडीवर,' मी म्हणायचे. मला त्या बायांचा राग यायचा. वाचता येतं ना, मग वाचायला काय धाड भरते, असं मी चारचौघींत ठणकावून बोललेली आहे.

माझं माहेर माल्याचं. तिथं वडिलांची दीड एकर भातखाचरं आहेत. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आईचं, धाकट्या भावाचं आणि माझं अशी तीन नावं लागली. मला ती जमीन विकायची नव्हती. चांद्याला आमचं घर आहे, पण आमचे हे गेले, मुलगी लांब दिली, आणि भोवती इतक्या इमारती उठल्या की स्वयंपाकघराच्या खिडकीतून आता लोकांच्या गाड्या दिसतात. म्हातारपणी माल्याला खाचरांच्या कडेला दोन खोल्या बांधायच्या आणि आपल्या हातानं इंद्रायणी भात लावायचा, एवढं एकच मी मनात धरून होते. भाऊ अलीकडं जमिनींच्या एजंटांत ऊठबस करायला लागला होता. आई होती तेव्हाच एका दिवाळीत त्यानं विषय काढला. मी म्हटलं, 'माझं नाव काढायचं न्हाई. मी मेल्यावर काय करायचं ते करा.' त्यानं पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मला वाटलं, समजला.

वरच्या दोन खोल्या मी भाड्यानं देते. सध्या तिथं अकोल्याकडची एक मुलगी आहे, हिंजवडीच्या कंपनीत कामाला. गुणी आहे, पण आणली भावानं. त्याच्या ओळखीच्या कुणाची तरी ती भाची. त्यामुळं पहिल्यापासून माझा एक डोळा तिच्यावर असायचा. भाऊ आला की तिच्याशी दोन शब्द बोलायचा, ती हसायची, आणि मी चहा गाळता गाळता कान टवकारून ऐकायचे.

गेल्या हिवाळ्यातला एक रविवार. सकाळी भावाचा फोन आला. 'आक्का, घरीच हायेस न्हवं? येतो दुपारी, तांदूळ घिऊन.' दर वर्षी नवा तांदूळ तोच आणून द्यायचा. फोन ठेवते न ठेवते तोच वरची मुलगी जिना उतरून आली. 'काकू, एक गंमत दाखवू? तुमचा टीव्ही मोठा आहे, खाली लावू का?' तिच्या हातात कसलं तरी काळं धूड होतं. फोन आत्ताच आला आणि ही पण आत्ताच आली. माझ्या मनात पाल चुकचुकली.

तिनं टीव्हीला एक डबा जोडला आणि ते धूड माझ्या मांडीवर ठेवलं. व्हिडिओ गेमचं कंट्रोलर, जुनं, कुणाकडून तरी वापरलेलं घेतलेलं. मी गेम खेळायची बटणं पाहिली होती, शेजारची पोरं घेऊन बसतात तसली. हे निराळंच होतं. आमच्या अंगणवाडीतल्या दगडी पाटीएवढं आणि मधोमध पाटीसारखीच काच. दोन्ही कडांना बटणं, दोन दांड्या अंगठ्यानं फिरवायला, आणि काचेच्या वर बारीक एक डोळा. कॅमेरा.

'हे काय, टीव्ही आहे ना तिकडं,' मी म्हटलं. 'मग इथं दुसरी काच कशाला?'

'तीच तर मजा आहे. टचस्क्रीन आहे काकू, बोट लावा.'

बोट लावा म्हटल्यावर मी दोन्ही हात पदराखाली घेतले.

तुम्ही हसाल. ती पण हसली. पण मी ते यंत्र हातात न घेता चारी बाजूंनी निरखलं. काचेवर आधीच कुणाच्या तरी बोटांचे ठसे उमटलेले होते. पाठीमागं स्क्रू होते, त्यातल्या एकाचं तोंड घासलेलं, म्हणजे कुणीतरी उघडून बघितलेलं. मधेच ते आपणहून थरथरलं आणि माझ्या मांडीवर घुं घुं झालं. आवाज टीव्हीतून यायचा सोडून त्याच्याच पोटातून आला. आणि काच उजळली तर आत मी. वरच्या डोळ्यानं माझा फोटो धरलेला, पांढरे केस विस्कटलेले, भुवया वर चढलेल्या. रजिस्ट्रीच्या टेबलावर असाच डोळा असतो आणि अशीच बोट टेकायची काच असते. अंगठा आणि चेहरा, दोन्ही एका जागी. जमीन न्यायला आणखी काय लागतं?

'हा फोटो जातो कुठं?' मी विचारलं.

'कुठंच नाही काकू. त्यातून तुमचं बाहुलं बनतं.'

'कुणाला दाखवायला?'

'मला आणि तुम्हाला. बाकी कोण आहे इथं?'

भाऊ दुपारी येतोय, हे मी मनात म्हटलं, तोंडानं नाही. मग तिनं त्या धुडाच्या कडेतून एक काडी उपसली. पेन. 'बोट नको तर यानं लिहा. इथं नाव लिहायचं.' म्हणजे सही पण. माझी खात्रीच पटली. पण आता उठले असते तर तिला कळलं असतं की मला कळलंय. म्हणून मी तो पेन घेतला आणि आमच्या माहेरच्या म्हशीचं नाव टाकलं, तेही डाव्या हातानं. टीव्हीवर माझ्या तोंडाचं एक बुटकं बाहुलं उभं राहिलं आणि त्याच्या डोक्यावर म्हशीचं नाव. मुलगी म्हणाली, 'छान नाव आहे काकू, मला माहीतच नव्हतं.'

खेळ लपंडावाचा होता. तिच्या हातात साधं कंट्रोलर, ती टीव्हीकडं बघून खेळणार. मी त्या काचेकडं बघून. मी बोटांची टोकं तेवढी लावत होते, अंगठा मुठीत दाबून. तिचं बाहुलं भिंतींच्या बोळातून मला शोधत फिरत होतं. टीव्हीवर फक्त तिच्या पुढचा बोळ दिसायचा. माझ्या काचेवर मात्र सगळं बोळांचं जाळं वरून दिसत होतं. ती कुठं वळते, कुठं थांबते, मी तिच्या किती जवळ आहे, सगळं. ती माझ्या अंगावरून दोनदा गेली आणि तिला पत्ता नाही.

मला गंमत वाटायला लागली, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या डावाला मुठीतला अंगठा कधी सुटला ते कळलंच नाही. मी दांडी फिरवत होते आणि ती पोर माझ्या शेजारी बसून आंधळ्यासारखी चाचपडत होती.

'तुला माझं काहीच दिसत नाही?' मी विचारलं.

'काहीच नाही. तुमच्या काचेत काय आहे ते फक्त तुम्हालाच दिसतं. काचेचं तोंड माझ्याकडं असतं तर गेमच संपला असता.'

तिनं ते सहज म्हटलं आणि माझा हात दांडीवरच थांबला.

आई गेली त्या वर्षी भाऊ मला तालुक्याला घेऊन गेला होता. आईचं नाव कमी करायचंय, वारस म्हणून तुला यावं लागंल, म्हणाला. आईला जाऊन महिना झाला नव्हता. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. टेबलावर बारका कॅमेरा होता, त्यात बघितलं. काचेवर अंगठा टेकला. मोठा स्क्रीन पलीकडं तोंड करून होता, मला त्याची पाठ आणि वायरी दिसत होत्या. भाऊ पलीकडच्या बाजूला उभा राहून वाचत होता. टेबलावरच्या माणसानं विचारलं, दस्त मान्य आहे ना? भाऊ म्हणाला, 'व्हय म्हण आक्का.' मी व्हय म्हटलं. कागदांवर सह्या केल्या, तो पानं धरून उलटत गेला आणि मी करत गेले. गॅसची टाकी तोलून घेणारी बाई मी. आयुष्यात न वाचता सही केली ती तेवढीच, कारण पानं धरणारा हात माझ्या भावाचा होता.

'तुला सातबारा बघता येतो का गं, कॉम्प्युटरवर?' मी मुलीला विचारलं.

तिला येत नव्हता. तिनं तिचा लॅपटॉप आणला, मी सांगत गेले. जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर. गट नंबर मला तोंडपाठ होता. पान उघडायला वेळ लागला. गेम टीव्हीवर तसाच सुरू होता, माझं बाहुलं एका कोपऱ्यात उभं.

पान उघडलं. वर भावाचं नाव होतं, एकट्याचं. खाली आईचं कंसात, आडवी रेघ मारलेलं. त्याच्या खाली माझं. तेही कंसात, तशीच रेघ मारलेलं. मेलेल्या बाईचं आणि माझं नाव एकसारखंच खोडलेलं होतं. मुलीनं ते वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि टीव्ही बंद केला.

तिच्यावर मी इतके महिने डोळा ठेवला होता. मला तिच्यापुढं लाज वाटली. तसं मी तिला सांगितलं पण. ती म्हणाली, 'काकू, पाणी देऊ?'

दुपारी भाऊ आला. खांद्यावर तांदळाचं पोतं, तोंडावर हसू. मी त्याला बस म्हटलं नाही.

'सातबाऱ्यावर माझं नाव कुटं हाय?'

त्यानं पोतं खाली ठेवलं. कुणी सांगितलं, कधी बघितलं, असलं काही विचारलं नाही. खांद्याला लागलेली पिठी झटकली आणि म्हणाला, 'आक्का, तुला कळलं न्हवतं व्हय? मला वाटलं, कळलं आसंल.'

'कसं कळंल? तू काय सांगितलंस मला?'

'आगं, साडी न्हाई का घेतली मी तुला त्या दिशी?' तो अगदी मनापासून बोलत होता. 'तू घेतलीस बी. काय बोलली न्हाईस. मला वाटलं, आक्कानं सोडलं.'

त्या दिवशी येताना त्यानं गाडी थांबवली होती, ते मला आठवलं. मोरपिशी रंगाची साडी, जरीच्या बारीक काठाची. आई गेली म्हणून माहेरची साडी घेतली असं मी समजले, आणि दुकानात त्याच्या हाताला धरून रडले. मग ती मी चार वेळा नेसले. बारशाला नेसले, शेजारच्या वास्तुशांतीला नेसले. दर वेळी बायांनी विचारलं, कुणी घेतली? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, भावानं, तालुक्याहून येताना. त्यांनी एकमेकींकडं बघितलं होतं. माझी जुनी मदतनीस पण होती त्यात. ती खाली बघून ताटातल्या वाटाण्याची उसळ चिवडत राहिली होती. गावातल्या बायांना ती साडी बघूनच कळलं होतं. त्यांच्यावर दारातून हसणारी मी तेवढी नेसून हिंडत होते.

'मला इचारायचं तरी,' मी म्हटलं.

'इचारलं आसतं तर तू सही दिली आसतीस?'

'न्हाई.'

तो पोत्याकडं बघून म्हणाला, 'तांदूळ कुटं ठिवू? आपल्या रानातला हाय.'

'कुणाच्या रानातला?' मी विचारलं.

मी आत गेले, कपाटातून ती मोरपिशी साडी काढली, घडी नीट केली आणि पोत्याच्या तोंडावर ठेवली. मग त्याला म्हटलं, दोन्ही उचल.