लिनक्सपायी गेलेले पाहुणे

माझ्या बहिणीच्या लग्नाची सव्वाचारशे पाहुण्यांची यादी मी एका रविवारी सकाळी साडेदहा वाजता पुसली, आणि पुसण्याआधी कॉम्प्युटरने मला दोनदा विचारलं होतं, नक्की पुसू का.

यादी बाबूजींची होती. कारंज्यात हायवेला लागून आमचं कापडाचं दुकान. दुकानात बसल्या बसल्या, चिठ्ठ्या-चपाट्यांवर, तीन महिने खपून त्यांनी ती केली होती. मी (नागपूरला कॉम्प्युटर शिकणारा, घरातला एकमेव जाणकार) ती टाइप केली आणि चिठ्ठ्या आईला बंब पेटवायला दिल्या. बाबूजींचं एकच म्हणणं होतं, "एकही मानूस सुटला नाई पाह्यजे. घरातलं पह्यलं लगन आहे. जो सुटन, थो जनमभर बोल लावन."

त्यातच विंडोजमध्ये व्हायरस शिरला. मी ठरवलं, यादी वाचवायची तर विंडोज काढून लिनक्स, म्हणजे व्हायरस न लागणारी दुसरी सिस्टिम, टाकायचं. सीडी ड्राइव्हचं तोंड दिवाळीपासून उघडत नव्हतं. म्हणून मी हार्ड डिस्कच काढली, टॉवेलात गुंडाळली, एसटीने मांडीवर घेऊन नागपूरला गेलो आणि मित्राकडून लिनक्सची इमेज, म्हणजे सगळ्या सीड्यांची मिळून एक मोठी फाईल, डिस्कच्या सी आणि डी या दोन भागांपैकी डीमध्ये भरून आणली. बेत सोपा होता. फ्लॉपीवरून सुरुवात करायची, फाईल डीमधून वाचायची आणि लिनक्स बसवायचं सीमध्ये. यादीही डीमध्येच, सुरक्षित.

अडचण एवढीच, की लिनक्सला सी आणि डी कळत नाही. त्याने मला दोन आकडे दाखवले, एक आणि पाच. मधले तिघं कुठे गेले ते सांगितलं नाही. जिथे जास्त जागा दिसली तो सी, असं मी धरलं (का धरलं, ते घरात आजही विचारतात) आणि फॉरमॅट, म्हणजे पुसून कोरं कर, म्हटलं. पट्टी शेवटपर्यंत सुरळीत गेली. मग लिनक्स म्हणालं, ज्या फाईलमधून मला बसायचं आहे ती फाईलच सापडत नाही. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणारा गोष्टीत असतो; आमच्याकडे तो फी भरून तयार झाला होता.

सीमधलं विंडोज मात्र जसंच्या तसं सुरू झालं. व्हायरससकट.

बाबूजी जेवायला आले.

"झालं काय तुहं?"

"बाबूजी, यादी..."

"काय झालं यादीले?"

"नाई राह्यली."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "पत्रिका छापून आल्या आहे. उद्यापासून नावं टाकाची होती," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला रडू आलं, आणि ते मी व्हायरसवर ढकललं.

दुपारी आम्ही चौघं आठवायला बसलो. मला वही आणि पेन देण्यात आलं; कॉम्प्युटरकडे बघायचीही बंदी होती.

"लिही," बाबूजी म्हणाले. "आष्टीचे मोठे काका. माह्या लगनात त्याइले दुपट्टा आखूड देल्ता, म्हून जेवले नाई."

"तळेगावचे मामा," आई म्हणाली. "याच्या बारशाले घ्याले गाडी पाठोली नाई, त दोन वर्सं बोलले नाई."

"आर्वीच्या काकू?" मी विचारलं.

"थ्या त कवाच्याच फुगून आहे. थ्याइले पह्यले लिही."

प्रत्येक नाव आपापली तक्रार घेऊनच येत होतं. कोणाला वरण गार मिळालं होतं, कोणाला फोटोत मागे उभं केलं होतं.

"आपल्यात न रुसलेलं कोनी आहे का नाई?" बहिणीने विचारलं.

"तू गप राय. लिही रे," बाबूजी म्हणाले.

तीन दिवसांत चारशे चोवीस नावं झाली. एक कमी. पत्रिका गेल्या, मांडव पडला, तरी बाबूजी जेवता जेवता थांबायचे. "कोन राह्यलं असन बे?" त्यांना झोप लागेना, आणि मला त्यांच्यासमोर जेवण जाईना.

लग्नाच्या दिवशी रुसलेले सगळे आले आणि नव्याने रुसले. मी चहा घेऊन स्वयंपाकाच्या मांडवात गेलो, तर जाम गावची ताराआत्या पोळ्या लाटत बसलेली. बाबूजींची चुलत बहीण. सकाळच्या पहिल्या एसटीने आली होती.

"आत्या, पत्रिका भेटली न?" मी विचारलं.

"नाई बाप्पा. पोस्टात अटकली असन. शेजारच्याइकडची पाह्यली, तारीख समजली, अन् आली."

"पोस्टात नाई, आत्या. तुहं नाव मी पुसलं, अन् मंग कोनालेच आठोलं नाई."

बाबूजी मागेच उभे होते. त्यांनी दोन्ही हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तारा, एकडाव तरी रुसाचं होतं वं तू."

"रुसाले टाइम कोठं भेटला दादा?" आत्या म्हणाली. "दर लगनात पोळ्या त माह्याचकडं राह्यते." आणि तिने पुढची पोळी लाटायला घेतली.

तेव्हापासून मी दोन पथ्यं पाळतो. महत्त्वाच्या फाईलची एक प्रत दुसरीकडे ठेवतो. आणि लग्न कोणाचंही असो, वरण कितीही गरम मिळो, घटकाभर तोंड फुगवून बसल्याशिवाय घरी येत नाही.